सर्च आणि मॅप्समधली कुठली फीचर्स तुम्ही खरंच वापरता, जी बाकीच्यांना माहीत नसतात?

निवांत_वाचक

नमस्कार मंडळी. गूगलमध्ये काहीतरी टाकायचं, वरच्या तीन-चार लिंक उघडायच्या, मॅप्समध्ये ठिकाण टाकून डायरेक्शन्स दाबायचं, बास, यापलीकडे माझी मजल नाही. परवा ऑफिसातल्या एकाने मॅपवर राइट क्लिक करून चार-पाच ठिपके मारले आणि एका मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ समोर आणून दाखवलं, मी बघतच राहिलो, इतकी वर्षं हे बटण तिथेच होतं म्हणे.

तर असं अजून काय काय आहे? फक्त ते 'अमुक टाइप करा आणि स्क्रीन गोल फिरते' टाइप गमती नकोत प्लीज, त्या सगळ्यांनी पाहिल्यात. माझं दुखणं वेगळं आहे, जुनं काही शोधायला जावं तर सगळं या महिन्यातलंच वर येतं, मी लिहिलेला शब्द उघडलेल्या पानात नसतोच, आणि रेंज गेली की मॅप म्हणजे नुसता करडा चौकोन. कोणी नीट समजावून सांगेल का?

कोलनवाला

शब्दच पानात नसतो याचं कारण असं की गूगल तुमचे शब्द शोधत नाही, तुम्हाला काय म्हणायचं असेल याचा अंदाज शोधतं. समानार्थी घालतं, स्पेलिंग बदलतं, एखादा शब्द परस्पर गाळूनही टाकतं. निम्म्या वेळा ते बरोबर असतं, पण नेमकं काही हवं असेल तेव्हा डोकं फिरतं.

पहिला उपाय अवतरण चिन्हं. "असं" लिहिलं की तो शब्द किंवा ते वाक्य जसंच्या तसं हवं असा अर्थ. तरीही कधीकधी पान उघडल्यावर शब्द दिसत नाही, तेव्हा वैतागू नका, तो फोटोच्या मागे लपलेल्या वर्णनात किंवा पानाच्या पत्त्यात असू शकतो, किंवा गूगलने पान वाचल्यानंतर मालकाने ते बदललेलं असतं. २०२२ पासून कोट्स वापरले की रिझल्टखालच्या दोन ओळी शक्यतो तुमचा शब्द जिथे आहे तिथल्याच दाखवतात, त्यामुळे पान न उघडताच कळतं उपयोगाचं आहे की नाही.

दुसरं, सर्च केल्यावर 'टूल्स' म्हणून एक बटण येतं, त्यात 'ऑल रिझल्ट्स'च्या जागी 'व्हर्बॅटिम' निवडा. कोट्स न टाकता सगळ्याच शब्दांना 'जसं लिहिलंय तसंच शोध' अशी तंबी मिळते. हे २०११ पासून आहे आणि अजून कोणाला माहीत नाही.

जुन्या माहितीसाठी 'बिफोर' आणि 'आफ्टर'. हे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, लगेच कोलन, आणि कोलननंतर स्पेस न देता तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, मधे डॅश. नुसतं वर्ष दिलं तरी चालतं. दोन्ही एकत्र वापरले की मधला काळ मिळतो. एक लक्षात ठेवा, पानाची तारीख गूगल स्वतःच्या अंदाजाने ठरवतं, आणि काही साइटवाले जुन्याच लेखावर नवीन तारीख चिकटवतात, त्यामुळे चाळणीतून थोडा कचरा येणारच.

मी सगळ्यात जास्त वापरतो ती जोडगोळी म्हणजे 'साइट' आणि 'फाइलटाइप', हेही इंग्रजी अक्षरांत आणि पुढे कोलन, पहिला एकाच साइटवर शोधतो, दुसरा एकाच प्रकारच्या फाइल. समजा प्रिंटरवर एरर कोड आला. नुसता कोड टाकला तर 'हे दहा उपाय करा' छाप पानं येतात ज्यात प्रिंटर बंद करून चालू करा याशिवाय काही नसतं. त्याऐवजी मॉडेल नंबर कोट्समध्ये, कोड कोट्समध्ये आणि पुढे फाइलटाइप कोलन पीडीएफ. बऱ्याचदा थेट कंपनीचं मॅन्युअल हातात येतं, त्यात तो कोड म्हणजे नक्की कुठला सेन्सर हे टेबलात लिहिलेलं असतं. मॅन्युअल कंपनीच्याच साइटवरून हवं असेल तर साइट कोलन आणि त्यांचा डोमेन जोडा. आणि एखादी साइट सारखी मधे येत असेल तर 'साइट'च्या आधी वजाचं चिन्ह, त्या साइटचा काटा काढला.

नकाशावेडा

मॅप्सचं मी सांगतो, हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

कॉम्प्युटरवर कुठेही राइट क्लिक केलं की सगळ्यात वर दोन आकडे दिसतात, ते अक्षांश आणि रेखांश. त्यावर क्लिक केलं की कॉपी होतात. पत्ता नसलेल्या जागेसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण शेवटचे आकडे उडवताना जपून, दशांश चिन्हानंतर पाच आकडे ठेवलेत तर साधारण मीटरभराचा फरक, चार ठेवलेत तर अकरा मीटरपर्यंत, आणि तीनच ठेवलेत तर समोरचा माणूस शंभर मीटर लांब उभा राहून फोन करेल. आधी अक्षांश, मग रेखांश. हा क्रम उलटा झाला तर पिन भलत्याच समुद्रात जाते.

आकडे फोनवर वाचून दाखवायचे असतील तर प्लस कोड घ्या. ठिकाणाच्या माहितीत तो आपोआप दिसतो, अक्षरं-आकडे आणि मधे अधिकचं चिन्ह. पूर्ण कोड म्हणजे आठ अक्षरं, अधिक, मग दोन अक्षरं, आणि तेवढ्यात साधारण १४ बाय १४ मीटरचा चौकोन पक्का होतो. तो अक्षांश-रेखांशावरूनच गणित करून काढलेला असतो, त्यामुळे कुठे नोंदणी नाही की काही नाही. त्यात स्वरांची अक्षरं मुद्दाम घेतलेली नाहीत, म्हणजे चुकून एखादा अर्थ असलेला (किंवा नको तो अर्थ असलेला!) शब्द तयार होऊ नये. हे मला फार आवडलं.

क्षेत्रफळाचं तुम्ही पाहिलंतच. राइट क्लिक, 'मेजर डिस्टन्स', मग कोपऱ्या-कोपऱ्यावर ठिपके, आणि शेवटी पहिल्या ठिपक्यावर परत क्लिक केलं की आकार बंद होतो आणि खाली क्षेत्रफळ येतं. ठिपका चुकला तर धरून ओढता येतो.

ट्रॅफिकचं बघा. सगळे आत्ताचा ट्रॅफिक बघतात. कॉम्प्युटरवर ट्रॅफिकचा लेयर लावला की खाली 'लाइव्ह ट्रॅफिक' लिहिलेलं असतं, तिथे 'टिपिकल ट्रॅफिक' निवडा, मग वार आणि वेळ सरकवून बघता येतं की सोमवारी सकाळी नऊला हा रस्ता सहसा किती तुंबतो. घर भाड्याने घ्यायच्या आधी, नोकरी बदलायच्या आधी हे बघावंच माणसाने. आणि रूट काढताना 'लीव्ह नाऊ'च्या जागी 'अराइव्ह बाय' ठेवलं की किती वाजता निघायचं ते तोच सांगतो.

स्ट्रीट व्ह्यूमध्ये 'सी मोअर डेट्स' दिसलं तर दाबा. २०१४ पासून हे आहे आणि काही ठिकाणी पार २००७ पर्यंतचे जुने फोटो निघतात. तीच गल्ली, आधी मोकळी जागा, मग खड्डा, मग इमारत. रात्री उघडू नका, झोप जाते.

फोनवर एका हाताने झूम करायचं असेल तर दोनदा टॅप करा पण दुसऱ्या वेळी बोट उचलू नका, तसंच वर-खाली सरकवा. हे दाखवलं की लोक हमखास 'अरे!' म्हणतात.

पायवाट

वरचं सगळं बरोबर आहे पण रेंज नसलेल्या ठिकाणाचा प्रश्न राहिलाच की.

आधी एक गैरसमज काढून टाका, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल स्वतः ऐकतो, नेट बंद असताना फक्त पहिल्यांदा जागा सापडायला जरा जास्त वेळ लागतो. करडा चौकोन दिसतो कारण नकाशाचं चित्र डाउनलोड झालेलं नसतं, निळा ठिपका मात्र बरोबर जागीच असतो. म्हणून निघायच्या आधी, वायफायवर असताना, प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स'मध्ये जा आणि हवा तो भाग निवडून उतरवून ठेवा. पण ऑफलाइन असताना गूगल फक्त गाडीचा रस्ता देतं, चालायचा देत नाही, ट्रॅफिक तर अर्थातच नाही. आणि उतरवलेला नकाशा काही काळाने एक्स्पायर होतो, तो अधूनमधून अपडेट करावा लागतो.

म्हणून मी ओपनस्ट्रीटमॅप वाला माणूस आहे. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा लोकांनीच बनवलेला, आणि चालणाऱ्या माणसाला काय लागतं हे चालणाऱ्यांनीच भरलेलं असतं. पायवाटा, पायऱ्या, पाण्याचे नळ, बसायचे बाक, कुठे फाटक आहे. त्यावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही अॅप्स घ्या, नकाशा एकदा उतरवला की शोधणं, चालायचा रस्ता, सगळं विमान मोडवर चालतं. दुकानं आणि उघडण्याच्या वेळा यात मात्र ते मागे पडतं, ते गूगलवरच बघा. दोन्ही ठेवा फोनमध्ये, वाद कशाला.

तिरकस_काका

कोलनवाल्यांनी छान सांगितलं पण हेही सांगा की ही अवजारं न विचारता काढूनही घेतात. अधिकचं चिन्ह लावून शब्द सक्तीचा करता यायचा, ते २०११ मध्ये गेलं. रिझल्टशेजारी पानाची साठवलेली प्रत मिळायची, ती २०२४ मध्ये गेली. त्यामुळे कुठल्याही 'पन्नास ट्रिक्स' छाप यादीतल्या निम्म्या मेलेल्या असतात, लिहिणाऱ्याने करूनही पाहिलेल्या नसतात.

जिवंत असलेली एक सांगतो. रिझल्टच्या वर 'इमेजेस', 'न्यूज' वगैरे टॅब असतात, तिथेच किंवा 'मोअर'मध्ये 'वेब' नावाचा टॅब आहे, मे २०२४ मध्ये आला. तो दाबला की एआयचं उत्तर, व्हिडिओ, चौकटी सगळं गायब, नुसत्या लिंक. पूर्वीचं गूगल आठवणाऱ्यांना डोळ्यात पाणी येईल.

बंद पडलेलं पान बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. पानाचा पत्ता टाका, कॅलेंडर येतं, ज्या तारखांवर गोल आहे त्या दिवशीचं पान उघडा. आणि महत्त्वाचं पान असेल तर तिथेच 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकून स्वतः जपून ठेवा, अटी-नियमांची पानं तर नक्कीच, ती बदलायला वेळ लागत नाही.

फोटो खरा की जुनाच फिरवलेला हे बघायला टिनआय नावाची साइट, फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे आलाय ते शोधते. त्यात रिझल्ट 'ओल्डेस्ट' प्रमाणे लावता येतात. कालच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो सहा वर्षं जुना निघाला की पाठवणाऱ्याला फक्त लिंक पाठवायची, बोलायची गरज नाही.

निवांत_वाचक

बाप रे, एवढं सगळं! व्हर्बॅटिम लगेच करून पाहिलं, फरक जबरदस्त आहे. टिपिकल ट्रॅफिक घरात दाखवला, आता सगळे त्यालाच चिकटलेत.

दोन शंका. मराठीत कोट्स टाकून शोधलं तर रिझल्ट एकदम कमी येतात, तसं का? आणि ते क्षेत्रफळ फोनवर काही जमेना, अंतरच दाखवतंय.

कोलनवाला

मराठीत कोट्स म्हणजे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जसंच्या तसं. आणि आपण ऑनलाइन कसं लिहितो ते माहितीच आहे, एकच शब्द चार जणांनी चार पद्धतीने लिहिलेला, कोणी अनुस्वार देतं कोणी नाही. म्हणून संभाव्य स्पेलिंग वेगवेगळ्या कोट्समध्ये टाका आणि मधे इंग्रजी 'ऑर' लिहा, पण कॅपिटलमध्ये, लहान अक्षरांत लिहिलं तर तो त्याला साधा शब्द समजतो. अजून एक, जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा नुसते स्कॅन असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं पण आत भलतीच अक्षरं भरलेली असतात, त्या अशा शोधात सापडतच नाहीत. तिथे संस्थेच्या नावावरून साइट कोलन लावून त्यांच्या याद्या चाळणं एवढंच हातात राहतं.

नकाशावेडा

फोनच्या मॅप्स अॅपमध्ये अंतरच येतं, बरोबर. फोनवर क्षेत्रफळ हवं असेल तर गूगल अर्थचं अॅप घ्या, त्यात मोजण्याच्या टूलमध्ये आकार बंद केला की क्षेत्रफळ मिळतं.

आणि नकाशा वर-खाली ताणलेला असतो म्हणून माप चुकेल अशी भीती नको. सपाट नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं वाटतं, प्रत्यक्षात आफ्रिका साधारण १४ पट मोठी, पण मोजताना हिशोब पृथ्वीच्या गोलावरच होतो. खरी गडबड दुसरीकडे आहे. वरून घेतलेल्या फोटोत उंच इमारती एका बाजूला कललेल्या दिसतात, तेव्हा ठिपका गच्चीच्या कोपऱ्यावर नाही, जमिनीवरच्या कोपऱ्यावर द्या. झाडाखाली कुंपण दिसत नसेल तर जुन्या तारखेचा फोटो लावून बघा, गूगल अर्थमध्ये तो मिळतो, पानगळीच्या दिवसातला मिळाला तर उत्तम. उतारावरची जमीन असेल तर हे सपाट माप आहे हेही धरून चाला. अंदाजाला एकदम झकास, सही-शिक्क्याच्या कामाला मात्र मोजणीवालाच बोलवा.