‘आय हॅव अ डाउट’ लिहिलं आणि साहेब बिथरला

गिअरवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. मराठी माध्यम, मग डिप्लोमा. आमचे गिअर इंग्लंडला जातात. त्यांनी एक नमुना तिकडच्या लॅबमध्ये कापून तपासला आणि रिपोर्ट पाठवला. त्यात केस डेप्थ (गिअरच्या वरच्या कडक थराची खोली) ०.८ मिमी, पण इफेक्टिव्ह (ठरावीक कडकपणापर्यंतची) की टोटल (पूर्ण थराची), त्याचा पत्ता नाही. मी मेल टाकला, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट.’ बास, एवढंच.

उत्तरात मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलं, तपासणाऱ्याचा अनुभव किती वर्षांचा ते आलं, आणि साहेबाचा साहेब सीसीत आला. आमचे मॅनेजर विचारतात, “अरे, तू त्यांना खोटारडे म्हणालास का?” कॉलेजात सर रोज ‘एनी डाउट्स?’ विचारायचे, तेव्हा कोणी चिडलं नव्हतं. माझं चुकलं काय? आणि खरोखर शंका असेल तेव्हा काय लिहायचं?

पेन्शनर_सदाशिव:
मॅनेजरांचं बरोबर आहे. आपली शंका दोन कामं करते. वर्गात विचारतो ती शंका म्हणजे प्रश्न, आणि कोणावर घेतो ती शंका म्हणजे संशय. (तिसरंही काम करते, पण लघुशंकेचा विषय इथे नको.) इंग्रजाच्या डाउटमध्ये पहिलं काम नाही. त्याने वाचलं, ‘तुमचा रिपोर्ट मला पटत नाही.’ तुम्हाला हवं होतं ‘आय हॅव अ क्वेश्चन’.

आता खऱ्या शंकेचं. ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, पोरं हमखास इथेच घसरायची. ‘तो येईल की नाही, शंकाच आहे’ इथे डाउट. ‘त्यानेच पैसे खाल्ले अशी शंका आहे’ इथे सस्पेक्ट. ‘आय डाउट ही टुक इट’ म्हणालात तर त्याला निर्दोष सोडलात! डाउट म्हणजे तसं नसावं असं वाटणं, सस्पेक्ट म्हणजे तसंच असावं असं वाटणं.

जाता जाता: डाउटमधला ‘बी’ कोणी उच्चारत नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा तो नव्हताच. पुढे पंडितांनी लॅटिनमधला ‘दुबितारे’ आठवून तो घुसवला. पंडित सगळीकडे सारखेच.

हिंजवडी_फेज३:
माझा गोंधळ ‘असेल’चा. ‘पार्सल पोचलं असेल’ या अर्थी मी ‘इट विल बी देअर’ म्हणायचो आणि समोरचा पक्कं वचन समजायचा. आता जवळजवळ खात्री असेल तर ‘मस्ट हॅव रीच्ड’, बहुतेक असेल तर ‘प्रॉबेब्ली’, आणि देवाच्या हवाली असेल तर ‘माइट हॅव’. उलट, तिकडचा ‘आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट’ म्हणाला की मी समजून घेतो. आपल्याकडे मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणतात ना, त्यातला प्रकार.

पावसाळी_कोथरूड:
पेन्शनर काका, तुमचा नियम स्कॉटलंडात भिजतो. एडिंबरोत घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘आय डाउट इट्स गोइंग टु रेन.’ मी छत्री ठेवून निघालो आणि चिंब होऊन परतलो. तिथे डाउट म्हणजे ‘येणार बहुतेक’. गिअरवाले, तुमचा साहेब कुठला ते आधी बघा.

पेन्शनर_सदाशिव:
हे ठाऊक होतं. पण पोरांना सांगितलं असतं तर परीक्षेत तेच लिहून आली असती.

गिअरवाला_भोसरी:
सगळ्यांचे आभार. आज लिहिलं, ‘कुड यू कन्फर्म व्हेदर ०.८ इज इफेक्टिव्ह ऑर टोटल?’ दहा मिनिटांत उत्तर आलं: इफेक्टिव्ह, ५५० विकर्सपर्यंत (विकर्स म्हणजे कडकपणाचं माप) मोजलेली. साहेबाचा साहेब अजून सीसीत आहे. त्याला काढा असं इंग्रजीत कसं सांगतात?