मदत हवी आहे: जुनाट सेलेनियम विषबाधा, नमुना कशाचा पाठवू?

गाईंच्या शेपटीचा गोंडा झडलाय, केस संपतात त्या रेषेलगत खुरांना आडव्या भेगा आहेत, चारही पाय दुखतात. ताप नाही, तोंडात फोड नाहीत, म्हणून लाळ्या-खुरकूत मागे पडतो. संशय चाऱ्यावर. कोरड्या चाऱ्यात किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सेलेनियम आठवडे-महिने पोटात गेलं की केरॅटिनमधल्या (खूर-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनातल्या) गंधकाची जागा ते घेतं. खूर, केस तिथेच कमकुवत होतात. चारा बदललाय, सेलेनियमवालं खनिज मिश्रण नि ई-सेलेनियम (जीवनसत्त्व ई + सेलेनियम) इंजेक्शन बंद.

आता विचारायचंय: सीरमऐवजी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पूर्ण रक्त पाठवावं ना? सोबत केस नि खुराचा तुकडा? केस मुळाशी कापावेत की लांबीचे तुकडे वेगळे तपासावेत? आणि तपासणीत तांबंही कमी निघालं तर ते किती मात्रेत द्यावं? (त्याच गोठ्यात मेंढ्याही आहेत, त्यांना जास्तीचं तांबं बाधतं.)