जीभ अडली ती ओळ
तुम्ही म्हणता, प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, इतकी तोंडपाठ झालीय की शब्द निघून जातात आणि मन कोरडंच राहतं. माझंही बरीच वर्षं तसंच चाललं होतं. मग सख्ख्या भावाशी बोलणं बंद असताना एका रात्री ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे जीभच अडली. ऋण सोडणं म्हणजे अपराधाची क्षमा करणं. सोडलं कुठे होतं मी? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रार्थना संपल्यावर येशू लगेच याच मुद्द्याकडे पुन्हा वळतो, क्षमेकडे. बाकीच्या मागण्यांकडे नाही. (हे ध्यानात यायला मला चाळिशी गाठावी लागली!)

तेव्हापासून घाई सोडली. जी ओळ टोचते तिथेच थांबतो, कधीकधी पुढे जातही नाही. भावाला फोन करायला मात्र त्यानंतरही चार महिने लागले, तेव्हा झटपट बदलाची आशा धरू नका.

कोरडेपणाचं म्हणाल, तर बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहेच ना? मन लागत नाही त्या दिवशी मी देवाला तेवढंच सांगतो, दोन वाक्यांत, आणि कामाला लागतो.