पप्पांच्या मानेचं ऑपरेशन पुढून की मागून? लवकर सांगा

अक्कलकोट_रोड: पप्पांच्या मानेत मज्जारज्जू दबलाय. इथले सर्जन पुढून करू म्हणतात, पुण्यातले मागून. सोमवारी कळवायचंय. कुठलं चांगलं?

पार्क_चौक: वय? किती मणक्यांत दाब आहे? चालता येतं का? रिपोर्टचा निष्कर्ष टाका, नाहीतर कोण काय सांगणार?

जुळे_सोलापूर: पुढूनच करा. माझी एक चकती काढून प्लेट बसवली. काही दिवस घास उतरायचा नाही, आवाज बसला, पण हाताच्या मुंग्या गेल्या.

हातमाग: कापाकापी कशाला? ट्रॅक्शन लावा, मालीश करा. आमच्या गल्लीतला एकजण त्यावर बरा झाला.

फिजिओ_सात_रस्ता: अजिबात नको! मज्जारज्जू दबलेला असताना मान ओढणं, मोडणं धोक्याचं. गल्लीतल्या त्या माणसाची नुसती नस दबली असेल, ते दुखणं वेगळं. आणि ताई, तुमची एकच चकती होती. पुढून तीन-चार ठिकाणी मणके जोडायचे तर हाड न जुळण्याची भीती वाढते. २०२१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात १६३ रुग्णांची तुलना आली होती. वर्षभरानंतर दोन्हीकडचे सारखेच सुधारलेले, पण पुढून केलेल्यांना त्रास जास्त झाला, मुख्यतः गिळण्याचा.

जुळे_सोलापूर: गिळणं सुधारतं हो. मागून केलं की मान किती दुखते ते भावजयीचं पाहिलंय.

प्रवासी: पुण्याला न्याल तर वंदे भारतने न्या. धक्के कमी.

अक्कलकोट_रोड: गाडीचं कुणी विचारलंय? वय ६३, शुगर आहे. मानेच्या सी-३ ते सी-७ मणक्यांत दाब, ओपीएलएल लिहिलंय. बटणं लागत नाहीत, चप्पल निसटली तरी कळत नाही. लूमवर जाणं बंद झालंय.

पार्क_चौक: अहो, हेच आधी लिहायचं ना!

फिजिओ_सात_रस्ता: ओपीएलएल म्हणजे रज्जूच्या पुढचा पट्टा हाडासारखा कडक झालाय. तो पुढून काढताना रज्जूचं आवरण फाटून पाणी गळू शकतं, म्हणून पुण्यातले मागून म्हणत असावेत. मागून दोन प्रकार: मणक्याची मागची कमान काढून स्क्रू-रॉड, किंवा लॅमिनोप्लास्टी, म्हणजे कमान दारासारखी उघडून ठेवायची. ही जपानी पद्धत, मान बरीच हलती राहते. पण मान पुढे झुकलेली असेल तर लॅमिनोप्लास्टी सहसा करत नाहीत, कारण रज्जू मागे सरकत नाही. सीटी आणि उभ्याने एक्स-रे झालाय का? लघवीचं कसं आहे? ऑपरेशननंतर खांदा उचलायची ताकद काही काळ जाऊ शकते, तेही दोघांना विचारा. लांबवू मात्र नका. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पुढचं नुकसान थांबवायचंय.

अक्कलकोट_रोड: लघवीला घाई होते, थांबवत नाही. सीटी कुणी सांगितलाच नव्हता. उद्या सकाळीच नेते.

फिजिओ_सात_रस्ता: मग लघवीचं उद्याच सर्जनच्या कानावर घाला, सोमवारपर्यंत थांबू नका.