नवीन गेमला ४,९९९ रुपये: रास्त की जास्त?

खेळिया: पीएस४ (प्लेस्टेशन ४, सोनीचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) वर सोनीचे मोठे गेम ३,९९९ ला मिळायचे, पीएस५ वर ४,९९९ झाले. अमेरिकेत ६० डॉलरचे ७० झाले आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' थेट ८० ला काढला. डिजिटल प्रतीला ना डिस्क, ना खोका, ना वाहतूक. तरी भाव तोच. ही लूट आहे.

फ्रेमरेट: असहमत. ६० डॉलरचा भाव २००५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलबरोबर रुळला आणि २०२० पर्यंत हलला नाही. महागाई धरली तर तेव्हाचे ६० म्हणजे आजचे ९० च्या वर. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' हा सोनीचा गेम करायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदांतून बाहेर आलंच. वर डिजिटल प्रत विकणारं ऑनलाइन स्टोअर ३० टक्के कापतं. खोक्याचे चार पैसे वाचून भाव कितीसा उतरणार?

खेळिया: सोनीचा गेम सोनीच्याच स्टोअरवर विकला, तर ते ३० टक्के जातात कुणाच्या खिशात? आणि 'सिल्कसाँग' २० डॉलरला कसा परवडला?

फ्रेमरेट: तो मूठभर माणसांनी केलेला द्विमितीय गेम. तुलनाच चुकीची. ३० टक्क्यांचं मात्र मान्य.

डिस्कवाला: दोघंही छापील भावावर अडलात. खरा खर्च म्हणजे खरेदी वजा विक्री. ४,९९९ ची डिस्क खेळून ३,५०० ला गेली, तर गेम १,४९९ ला पडला. डिजिटल प्रत खात्याला बांधलेली, ती विकताच येत नाही. जुनी डिस्क घेताना मात्र रीजन, म्हणजे ती कुठल्या देशासाठी काढलेली आहे, ते बघा. अमेरिकन डिस्कवर गेम चालतो, पण भारतीय खात्यावरून घेतलेलं डीएलसी (गेमला वेगळं विकत घ्यायचं जादा भाग) त्याला लागत नाही. खोक्यातला जादा गोष्टींचा एकदाच चालणारा कोडही आधीच्या मालकाने वापरलेला असतो.

फ्रेमरेट: पण जुन्या डिस्कच्या विक्रीतून गेम करणाऱ्यांना छदामही मिळत नाही. त्यापेक्षा सेलची वाट बघा. पीसीवर असाल तर स्टीम या ऑनलाइन स्टोअरवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो.

डिस्कवाला: कन्सोलवर तेवढी सोय कुठे आहे? त्यात निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलचं गेम-की कार्ड बघा. कार्डात गेम नसतोच, तो डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्डही आत हवं. विकता येतं खरं, पण सर्व्हर बंद झाल्यावर नव्या मालकाने गेम उतरवायचा कुठून?