आईच्या लघवीत जंतू आहेत, पण त्रास काहीच नाही. गोळ्या द्यायच्या का?

मुक्ता (नाशिक)
आई ८१ वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या सांगितल्या, त्यात लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी. ई. कोलाय हा जंतू निघाला, मिलीलीटरला एक लाखाच्या वर. जळजळ नाही, ताप नाही, रात्री नेहमीसारखी दोनदा उठते. तरी ऑपरेशन पुढे ढकललं आणि पाच दिवस गोळ्या दिल्या. पुन्हा कल्चर, पुन्हा जंतू, दुसरा कोर्स. त्यात जुलाब लागून ती इतकी गळाली की भिंत धरून संडासला जायची. तिसऱ्या रिपोर्टात निम्म्याहून जास्त औषधांपुढे 'आर', म्हणजे ती औषधं या जंतूवर चालत नाहीत. आता म्हणतात, अ‍ॅडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागतील.

माझं मत स्पष्ट आहे: हा आजारच नव्हता. वृद्धाश्रमांतल्या २५ ते ५० टक्के बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात, कायमची नळी असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. कॅनडात लिंडसे निकोल यांनी अशा वृद्धांवर चाचण्या केल्या, १९८३ मध्ये पुरुषांच्या आणि १९८७ मध्ये स्त्रियांच्या. औषध दिलेले जास्त जगले नाहीत, दुष्परिणाम मात्र झाले. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, त्रास नसताना लघवीतले जंतू मारायचे ते गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्याच ऑपरेशनआधी. इतर ऑपरेशनांआधी तर तपासूही नका, असं त्यात आहे. मग डोळ्याचं ऑपरेशन का अडवलं?

शिरीष (सातारा)
ताई, आईंचे हाल वाचून वाईट वाटलं. पण "आजारच नव्हता" हे इतक्या ठामपणे लिहू नका, कोणीतरी वाचून तसंच वागेल. माझे वडील ७६ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह. लघवीच्या रिपोर्टात पस सेल्स (पू-पेशी) भरपूर. डॉक्टर म्हणाले, त्रास नाही ना, मग थांबू. नवव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. पहाटे बीपी लागेना. आयसीयूत अकराव्या दिवशी गेले. त्या पहिल्याच दिवशी गोळी मिळाली असती तर? मधुमेह असेल तर मी कुणाला थांबायला सांगणार नाही.

लॅबवाली
१४ वर्षं मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन आहे. "पहिली धार सोडा, मधली धरा" असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पण गुडघे धरलेली ऐंशीची आजी भारतीय संडासात बसून एका हाताने नळ धरणार, दुसऱ्या हातात डबी, आणि मधली धार पकडणार? सून बाहेरून विचारत असते, "झालं का आई?" निम्म्या वेळा त्वचेवरचेच जंतू येतात. मेमध्ये सकाळी सहाला भरलेली डबी स्कूटरच्या डिकीतून साडेअकराला माझ्यासमोर येते. ई. कोलायला ऊब मिळाली तर तो वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत पोचत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, हे कितीजणांना कुणी सांगितलेलं असतं?

आणि तो एक लाखाचा आकडा. बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात तो रूढ केला. जंतू मूत्राशयातले की वाटेत मिसळलेले, एवढंच त्यावरून ठरवायचं होतं. माणूस आजारी आहे का, हे तो आकडा सांगत नाही.

डॉ. वसुधा
मी शिरीषरावांच्या बाजूने आहे, निदान अर्धी. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली इंग्लंडमधल्या ६५ च्या वरच्या दीड लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. लघवीच्या संसर्गाला ज्यांना लगेच अँटिबायोटिक मिळालं नाही, त्यांच्यात रक्तात जंतू पसरण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. मुक्ताताईंनी सांगितलेल्या कॅनडातल्या चाचण्या जिथे झाल्या तिथे नर्स रोज बघायला होती. माझी पेशंट तीस किलोमीटरवरच्या वस्तीवरून येते, शेवटची एसटी साडेसहाची. रात्री हुडहुडी भरली तर तिला कोण आणणार? मी कधी कधी गोळी लिहून देते, आणि का देते ते मला ठाऊक असतं.

मुक्ता (नाशिक)
डॉक्टर, एसटीचा मुद्दा पटला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण 'बीएमजे'तल्या रुग्णांना डॉक्टरांनी संसर्गाचं निदान केलेलं होतं. नुसत्या रिपोर्टात जंतू आणि अंगात काहीच नाही, अशांचा तो अभ्यास नव्हे. शिवाय कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, जुन्या नोंदी तपासल्या होत्या.

शिरीषदादा, मधुमेहावर तशी चाचणी झाली आहे. २००२ मध्ये, १०५ मधुमेही स्त्रिया, पाठपुरावा तीन वर्षांपर्यंत. जंतू मारत राहूनही पुढचे संसर्ग कमी झाले नाहीत. त्या सगळ्या स्त्रिया होत्या, हेही सांगते. म्हणून विचारते, रागावू नका: वडिलांना लघवी पूर्ण होत होती का?

शिरीष (सातारा)
रागावलो नाही. ते बराच वेळ उभे राहायचे, थेंब थेंब व्हायची. वयामुळे असेल असं वाटायचं. आयसीयूत सोनोग्राफी केली तेव्हा मूत्राशयात चारशे मिली शिल्लक होती, प्रोस्टेट वाढलेली. त्याआधी कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही बोललो नव्हतो.

तरी माझं मत बदललेलं नाही. "त्रास नाही" हे ठरवणार कोण? आमचे वडील कधी दुखतंय म्हणाले नाहीत.

अनिता (लीड्स, इंग्लंड)
मी इथे केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते. ६५ च्या वर लघवीत पट्टी बुडवून संसर्गाचं निदान करायचं नाही, असाच नियम आहे. एखादे आजोबा अचानक बरळायला लागले की आम्ही आधी बघतो पाणी किती प्यायले, पोट साफ झालं का, नवीन गोळी सुरू झाली का. ताप किंवा जळजळ असेल तर लगेच डॉक्टर. शिरीषदादांचं खरं आहे, न बोलणाऱ्या माणसाकडे रोज कुणीतरी बघावंच लागतं.

मुक्ता (नाशिक)
आज डोळ्यांच्या डॉक्टरांना दुसऱ्या फिजिशियनची चिठ्ठी दाखवली. इंजेक्शनं नकोत, ऑपरेशन गुरुवारी. सोनोग्राफीही करून घेतली, लघवी झाल्यावर शिल्लक फक्त २० मिली. फ्रीजवर कागद लावलाय, कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचून दाखवला: ताप, नवी जळजळ, कमरेत दुखणं, लघवी अडणं, जेवण टाकणं. यातलं काही दिसलं तर लगेच फोन.

शिरीष (सातारा)
हुडहुडी राहिली, ताई. ती सगळ्यात वर लिहा.