अनुभव धागा: पोरांना तिरंगा, राजमुद्रा आणि उद्देशिका शिकवताना

कोल्हापूर आणि आसपासच्या शाळांत पहिली ते पाचवीला राष्ट्रीय प्रतीकं शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. 'मुलांना खूप आवडलं' एवढंच नको. माप, साहित्य, क्रम आणि घोळ कुठं होतो ते लिहा.

चित्रकला, राजारामपुरी
तिरंगा १५ बाय १० सेंमीचा घेतला की एक पट्टा ३.३३ चा येतो आणि पोरं तिथंच अडकतात. १३.५ बाय ९ घ्या. प्रमाण ३:२ राहतं, पट्टा बरोबर ३ सेंमी. १३५० बाय ९०० मिमीच्या प्रमाणित ध्वजावर चक्राचा व्यास २८० मिमी असतो, म्हणून इथं २.८; कंपासमध्ये १.४ सेंमी धरा. चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या कडांना टेकत नाही, वर-खाली किंचित फट राहते. बाजारातल्या कितीतरी तक्त्यांवर ती नसते! कोनमापकानं दर १५ अंशांवर खूण, १२ व्यास, झाले २४ आरे. मध्यावर आधी छोटं वर्तुळ काढून आरे त्याच्या कडेपासून सुरू करा, नाहीतर तिथं शाईचा गोळा होतो. चक्र आधी गडद निळ्या बॉलपेननं, रंग नंतर. मेणखडू पांढऱ्यावर घासला गेला की त्यावर पेन उठत नाही.

दुसरी-तिसरी, शिवाजी पेठ
ताई, आमच्याकडं कोनमापक चालत नाही, घडी चालते. पण अर्ध्याची अर्धी करत गेलं तर ८, १६, ३२ असेच भाग पडतात. २४ कधीच येत नाहीत. गोल कागद एकदा अर्धा दुमडा, त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या घाला, मग अर्धी, पुन्हा अर्धी. उघडल्यावर २४ भाग. कार्डशीट घेऊ नका. शेवटच्या घडीत २४ थर येतात, जाड कागद सरकतो आणि आरे वाकडे पडतात. पतंगाचा कागद उत्तम.

चौथी, गंगावेश
राजमुद्रेत 'चारातला चौथा सिंह कुठं गेला?' हा प्रश्न ठरलेला. चित्र दाखवून तो सुटत नाही. साधारण २४ सेंमी घेराचा डबा घ्या, तेवढ्याच लांबीची पट्टी कापून तिचे ३-३ सेंमीचे आठ चौकोन आखा. डावीकडून क्रम: चक्र, बैल, चक्र, हत्ती, चक्र, सिंह, चक्र, घोडा. पट्टी डब्याला गुंडाळून पहिलं चक्र समोर धरा. उजवीकडं बैल, डावीकडं घोडा, हत्ती-सिंह मागं. अगदी राजमुद्रेत दिसतं तसं. वरचे चार सिंह शाडूचे, पाठीला पाठ लावून. ओले असतानाच जोडा, वाळल्यावर चिकटत नाहीत. खाली 'सत्यमेव जयते' हवंच, त्याशिवाय मुद्रा अपुरी. आणि हौसेनं ती शाळेच्या प्रशस्तिपत्रकावर छापू नका. २००५ च्या कायद्यानं तिच्या वापरावर बंधनं आहेत.

शारीरिक शिक्षण, कसबा बावडा
ध्वज बांधताना केशरी बाजू वर आहे ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. गाठ सुटणारी हवी. घट्ट मारली की ऐन वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतात आणि गाठ तशीच. चढवताना झटकन, उतरवताना सावकाश. घडीत केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली जातात. मग दोन्ही बाजूंनी अशी दुमड की चक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग वर दिसावा.

पाचवी, हातकणंगले तालुका
उद्देशिका एका दमात म्हणून घेतली की नुसता सूर राहतो. दहा चिठ्ठ्या करा: सामाजिक, आर्थिक, राजनैतिक, विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा, उपासना, दर्जा, संधी. फळ्यावर न्याय, स्वातंत्र्य, समानता असे तीन रकाने. 'विश्वास' पोरं हमखास चुकवतात, बंधुतेचा रकाना शोधत बसतात.

मूळ हस्तलिखित पानाचा फोटो दाखवणार असाल तर तयारीनं जा. त्यात 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' नाहीत. हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आले. एखादं चुणचुणीत पोरगं पुस्तकाशी ताडून बघतंच. तारखांचाही गोंधळ: २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलं. उद्देशिकेत पहिलीच तारीख आहे, तेवढी अधोरेखित करून घ्या.

'संधी'ची चिठ्ठी आपल्याकडं समजावायला सोपी. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम सांगा. माणगावची मार्च १९२० ची परिषदही इथलीच. तिथं महाराज आणि बाबासाहेब एकत्र होते. सहल काढायची तर लक्ष्मी विलास पॅलेस (शाहू महाराजांचं जन्मस्थान) आणि फुले-आंबेडकरांचे पुतळे असलेला बिंदू चौक एका सकाळी होतात. माणगावला वेगळा दिवस ठेवा, आणि एका फेरीत पन्हाळाही कोंबू नका. तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहण्यातच पोरांचे पाय दुखायला लागतात.

पुन्हा राजारामपुरी
सर, चिठ्ठ्या उद्याच करते. एक राहिलं: राष्ट्रीय प्रतीकांच्या तक्त्यावर 'राष्ट्रीय खेळ: हॉकी' छापलेलं असेल तर त्यावर कागद चिकटवा. सरकारनं कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही.